हळद पकडणारा रोल

पस्तीस वर्षं मी भिवंडीतल्या शाळेत चित्रकला शिकवली. पोरांनी आकाश हिरवं केलं, गाय जांभळी केली, सगळं सोसलं. पण एका रंगावरून मला कुणी जेरीस आणलं असेल, तर ते आमच्या खालच्या फोटोवाल्याने, केसरीनाथने. रंग पिवळा. तोही साधासुधा नाही, हळदीचा.

तीनबत्तीला आमची दुमजली इमारत आहे. वर मी आणि माझं मांजर राहतो. खाली चौऱ्याऐंशी सालापासून केसरीनाथचा स्टुडिओ. केसरीनाथ मूळचा कोन गावचा, आगरी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. छाती रुंद, मिशा जाड, आणि आवाज असा, की तो खाली ‘चहा सांग रे’ म्हणाला की वर मीही आधण ठेवायचे. पण कॅमेऱ्याला डोळा लावला की हाच माणूस गाभाऱ्यात बोलावं तसा हळू बोलायचा. ‘श्वास धरा,’ म्हणायचा, स्वतःही धरायचा. फोटो झाला की स्वतः सोडायचा आणि समोरच्याला ‘सोडा’ सांगायला विसरायचा. एकदा पासपोर्टच्या फोटोला बसलेले एक म्हातारेबुवा तसेच छाती फुगवून बसून राहिले. त्यांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा व्हायला लागला तेव्हा मीच दारातून ओरडले, ‘अहो, सोडा!’

शिफ्ट सुटली की लूमवरची माणसं केसातला कापूस झटकत त्याच्याकडे यायची. गावी पाठवायला फोटो हवा असायचा. मागे ताजमहालाचा पडदा, हातात प्लास्टिकचं गुलाब. ‘भाईजान, थोडा मुस्कुराओ, घरवाली देखेगी,’ असं केसरीनाथ म्हणायचा आणि तो दमलेला माणूस खरंच लाजायचा. असा त्याचा धंदा आणि असा त्याचा स्वभाव. सगळं छान चाललं होतं. मग २००५ साली त्याच्या मुलाने, मनोजने, डिजिटल आणलं.

मनोज गुणी पोरगा. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, वागायला नम्र, आणि नव्या गोष्टीचा भक्त. त्याने बापाच्या डार्करूममध्ये अल्बमचे खोके रचले, रोलचं कपाट रिकामं केलं आणि जुना कॅमेरा विकायला काढला. तेवढं मात्र केसरीनाथने होऊ दिलं नाही. कॅमेरा घरच्या कपाटात गेला आणि भिंगाला बुरशी लागू नये म्हणून त्या कपाटात एक बारका बल्ब लागला. तो बल्ब रात्रंदिवस जळायचा. केसरीनाथची बायको कमळ मला म्हणायची, ‘देवाजवल दिवा लावाला सांगितला तर इसरतील, पन त्या डबड्याजवलचा बल्ब न्हाय इजू देनार.’

आता मूळ गोष्टीवर येते. केसरीनाथची धाकटी बहीण चंद्रा, खारबावला दिलेली. तिला दोन मुली, मृणाली आणि क्षितिजा. २००६ च्या मे महिन्यात मृणालीचं लग्न होतं. आगऱ्यांची हळद ज्याने पाहिली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही. लग्नाला उशिरा पोचलात तर चालतं. हळद चुकवलीत तर पुढची तीन वर्षं ऐकून घ्यावं लागतं. नवरीच्या अंगावर हळद, करवल्यांच्या अंगावर हळद, जमिनीवर हळद, बेंजोवाल्याच्या बेंजोवर हळद. त्या दिवशी केसरीनाथ आणि मनोजने नव्या कॅमेऱ्यावर चारशे फोटो काढले. मी स्वतः होते तिथे. माझी पांढरी साडी अजून पिवळट आहे.

आणि अल्बम आला तेव्हा त्यात हळद नव्हती.

म्हणजे काय झालं, ते ऐका. मनोज कॉम्प्युटरसमोर बसला. बघतो तर सगळे फोटो पिवळेजर्द. त्याला वाटलं, रंगच बिघडलाय. कोर्समध्ये शिकवलं होतं, सगळ्या फोटोवर एका रंगाची छटा चढली तर काय करायचं. त्याने बटण दाबलं. चारशेच्या चारशे फोटो ‘दुरुस्त’ झाले, जुन्यांच्या जागी नवे बसले. मूळचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात होते, पण तेही दुसऱ्या दिवशी एका बारशासाठी पुसले गेले. अल्बममध्ये मृणालीचे गाल गोरेपान आणि जरासे निळसर, टाल्कम पावडर लावल्यासारखे. तिला हळद लावणाऱ्या बायकांचे हात स्वच्छ. जणू वीस बायका जमून एका पोरीचे गाल विनाकारण चोळतायत.

केसरीनाथने अल्बम न उघडताच बहिणीच्या हातात ठेवला होता. मुलावर एवढा विश्वास! चंद्राने पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली आणि म्हणाली, ‘दादूस, माजे पोरीची हलद धुतलीस तू.’

लग्नाआधी नवरीची हळद धुणं म्हणजे केवढा अपशकुन, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मनोज रडकुंडीला आला, केसरीनाथने कान धरले, कमळने साडी नेऊन दिली. चंद्रा काही बधली नाही. मृणाली सासरी मजेत होती, वर्षाच्या आत तिला मुलगाही झाला, पण चंद्राचा राग मृणालीच्या सुखावर अवलंबून नव्हता. ती दोन दिवाळ्या भाऊबिजेला आली नाही. राखी पाठवली, पण पोस्टाने. खारबावहून भिवंडीला, पोस्टाने! तेवढ्या वेळात माणूस टमटममधून दोनदा जाऊन येईल. पोस्टमन पाकीट द्यायचा तेव्हा केसरीनाथ दुकानात गिऱ्हाईक असलं तरी आत जाऊन बसायचा. मनगटावर ती राखी कमळकडून बांधून घ्यायचा. आपल्या बायकोकडून राखी बांधून घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी हसले, तर डोळे पुसत म्हणाला, ‘हसा बाई, तुमाला काय. मना एकच बहीन हाय.’

चंद्राची अजून एक जुनी तक्रार होती. तिच्या स्वतःच्या हळदीला, १९७९ साली, केसरीनाथ फोटो काढत राहिला आणि हळद लावायचीच राहून गेली. ‘गावान लावली, भावान न्हाय,’ हे ती हसत हसत दर भाऊबिजेला ऐकवायची. हसत ऐकवायची तोवर ठीक होतं.

२००८ च्या मार्चमध्ये क्षितिजाचं लग्न ठरलं. चंद्राने निरोप धाडला मनोजच्या हाती, कारण भावाशी बोलणं बंद. निरोप असा: मनोजचं मशीन मांडवात दिसता कामा नये. मामाला फोटो काढायचे असतील तर जुना रोलवाला कॅमेरा आणावा. आणि रोल साधा नको. सोबत नमुना पाठवलाय, त्याच रोलवर काढ. तो रोल असेल तर ये, नसेल तर नुसता मामा म्हणून ये, जेव आणि जा.

नमुना होता चंद्राच्या स्वतःच्या हळदीचा फोटो. केसरीनाथने तो पाकिटातून बाहेरही काढला नाही, खिशात ठेवला. मला म्हणाला, ‘बाई, रोलचं बगतो मी.’

कपाटातला बल्ब विझला. तीन वर्षांनी कॅमेरा बाहेर आला. भिंग स्वच्छ होतं. कमळचा निम्मा जन्म त्या बल्बवर बोलण्यात गेला होता, तिनेच पदराने कॅमेरा पुसून दिला.

रोल मात्र भिवंडीत मिळेनात. एका दुकानात मिळाला तो दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेला, दुसऱ्या दुकानात रोलच्या कपाटात मोबाइलची कव्हरं. शेवटी केसरीनाथ मुंबईला, फोर्टमध्ये गेला. तिथला दुकानदार म्हणाला, ‘चाचा, अभी शादी में रोल कौन डालता है?’ हा म्हणाला, ‘जिसकी बहन नाराज है, वो डालता है.’ दुकानदाराने खालचा खण उघडला आणि चार रोल काढून दिले. एक पिवळ्या डब्यातला, एक हिरव्या डब्यातला आणि दोन काळे-पांढरे. काळे-पांढरे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘दिसले म्हनून घेतले.’ मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग आमच्या गच्चीवर परीक्षा झाली. मागे पांढरी चादर बांधली, कमळला खुर्चीत बसवलं, एका गालाला हळद लावली, दुसरा कोरा ठेवला. मांडीवर हिरवी केळी आणि लाल मिरच्या, म्हणजे बाकीचे रंग कळावेत. कमळ म्हणाली, ‘आता फक्त वर मीठ टाका.’ एका रोलचे अर्धे फोटो सावलीत, अर्धे उन्हात, मग दुसऱ्याचे तसेच. शेजारच्या गच्चीवरच्या बायकांना वाटलं, या वयात हिची हळद लागतेय की काय. एकीने खरंच विचारलं.

लॅबमधून फोटो आले तेव्हा न्यायाधीश मी. टेबलावर मांडून बसलो. पिवळ्या डब्याच्या रोलवर हळद झकास उठली होती, पण कमळचा दुसरा, कोरा गालही झेंडूच्या वाटेला लागला होता. हिरव्या डब्याच्या रोलवर केळी अशी हिरवीगार की तोडून घ्यावीत, पण हळद लिंबासारखी आंबट दिसत होती. मी म्हटलं, ‘पिवळा डबा. यात वाद नाही. हळदीला ऊब पाहिजे.’

केसरीनाथ ‘हं’ म्हणाला. हा माणूस ‘हं’ म्हणतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं.

‘काय कमी आहे यात?’ मी चिडले. ‘पस्तीस वर्षं रंग शिकवलेत मी!’

‘बाई, चंद्राला यो न्हाय चालनार. तिला तोच रोल पायजे.’ आणि त्याने खिशातून तो नमुना काढून माझ्यासमोर ठेवला.

एकोणीस वर्षांची चंद्रा, नजर खाली, ओठांवर दाबलेलं हसू. गाल पिवळेधमक, कपाळावर लाल कुंकू. साडी मात्र करडी. मांडवाचे आंब्याचे डहाळे करडे. मागच्या बायका करड्या, त्यांचे हळदीने भरलेले हात करडे. अख्ख्या फोटोत फक्त चंद्राचे गाल आणि कपाळ तेवढं रंगीत.

‘अरे, हा तर काळा-पांढरा फोटो आहे.’

‘चंद्रा बोलते, तवाच्या रोलला अक्कल व्हती. साडीबिडी सोडून हलद तेवडी पकडायचा.’

मी हसून हसून खुर्चीत आडवी झाले. एकोणतीस वर्षं त्या घरातल्या कुणालाच प्रश्न पडला नव्हता, कारण जो तो त्या फोटोत हळद बघायचा, आणि हळद होती. मग मी माझं भिंग आणलं. डाव्या गालाच्या कडेला पिवळा रंग गालाच्या बाहेर, कानाच्या पाळीपर्यंत ओघळला होता. ब्रशाने रंगवणारा असं करत नाही. हे बोट होतं.

‘केसरीनाथ, हा रंग कुठला?’

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘हलदीचा.’

तेव्हा कळलं ते असं. तो त्या वेळी कल्याणच्या एका स्टुडिओत कामाला होता. मालकाचा कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणलेला, बारा फोटोंचा एकच रोल. मांडवात इतका गुंतला, की कॅमेरा खाली ठेवेपर्यंत हळद उतरवायला बहिणीला आत नेलं होतं. पंधरा दिवसांनी फोटो धुतला, तर काळ्या-पांढऱ्या रोलवर हळद आली ती फिक्कट, राखाडी. ‘बाई, असा वाटला, कोनी तिचे गालाला राख फासली. यो फोटो मी तिला कसा देऊ?’ काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशाने चढवायचे रंग मालक वापरू देईना. मग त्याने घरातली हळद पाण्यात कालवली आणि बोटाने फोटोवर लावली. कुंकवासाठी बापाच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्याच हळदीत मिसळला, तर ती लाल झाली. फोटो सुकवला आणि सासरी देऊन आला. चंद्रा एवढी खूश झाली की खरं सांगायचं राहून गेलं.

‘मग आता सांग,’ मी म्हटलं. ‘आणि पिवळ्या डब्यावर फोटो काढ.’

‘न्हाय. तिनं तो रोल सांगितलाय, तोच टाकनार. काला-पांडरा.’

‘हळदीचा फोटो? काळा-पांढरा? केसरीनाथ, डोकं ठिकाणावर आहे का? पुन्हा राख दिसेल. या वेळी ती राखी पोस्टानेसुद्धा पाठवणार नाही!’

‘बाई,’ तो कॅमेऱ्यामागचा हळू आवाज काढून म्हणाला, ‘रंग रोलचे हातात गेला का मनोज धुनार, न्हायतर लॅबवाला धुनार. रंग मानसाचे हातात पायजे.’

मी खूप भांडले. त्याने ऐकलं नाही. मांडवात सावली असते आणि फ्लॅश त्याला नको होता, म्हणून दोन्हींपैकी कमी उजेडात चालणारा, चारशे वेगाचा रोल त्याने कॅमेऱ्यात भरला. सोबत दुसरा रोल घेतलाच नाही. फक्त छत्तीस फोटो.

एप्रिलच्या शेवटी क्षितिजाची हळद लागली, दुपारी चार वाजता, खारबावला. धवलारीण बायजाबाई धवले गात होती. ती लग्नातली गाणी म्हणते आणि विधीही तीच चालवते, तिच्या शब्दाबाहेर मांडवात पान हलत नाही. केसरीनाथ घामाघूम होऊन एक-एक फोटो तोलून-मापून काढत होता. प्रत्येक फोटोनंतर पोरी धावत यायच्या, ‘मामा, दाखव ना,’ आणि कॅमेऱ्याची पाठ बघून ओरडायच्या, ‘यात तर कायच न्हाय!’

चंद्रा भावापासून पाच पावलांवर उभी राहून मनोजला म्हणाली, ‘तुजे बापाला इचार, तोच रोल हाय ना?’

मनोजने तोंड उघडायच्या आत केसरीनाथ मनोजला म्हणाला, ‘आत्याला सांग, तोच हाय.’ आणि माझ्या कानात पुटपुटला, ‘खोटं न्हाय बोललो, बाई.’

पस्तीस फोटो झाले. छत्तिसाव्यासाठी तो गुडघ्यावर बसला, श्वास धरला, आणि बायजाबाईचं गाणं मध्येच थांबलं. ‘पोरीचा मामा कुटं हाय? सगल्यांनी लावली, मामान न्हाय लावली अजून!’

केसरीनाथ तसाच कॅमेऱ्यामागे. मी चंद्राकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं होतं. तिला एकोणऐंशी सालचा तोच प्रकार पुन्हा बघायचा नव्हता. मग काय झालं कुणास ठाऊक, केसरीनाथ उठला, कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला, ‘दाबा म्हनजे झाला,’ म्हणाला, आणि दोन्ही हात हळदीच्या परातीत बुडवून भाचीच्या समोर बसला. मी दाबलं. तो फोटो वाकडा आला आहे, त्यात मामाचं अर्धंच डोकं आहे आणि मला ते अजून ऐकवलं जातं.

जेवताना चंद्रा मनोजला म्हणाली, ‘बापाला सांग, मटनाचा रस्सा अजून घे.’

रोल धुवायचा दिवस म्हणजे आमच्या इमारतीचा सण होता. डार्करूममधून मनोजने अल्बमचे खोके बाहेर काढले. मे महिन्याच्या उकाड्यात औषधाचं पाणी गार राहीना, तेव्हा केसरीनाथने मासळीबाजारातून बर्फ आणला. स्टुडिओला औषधाचा आणि बोंबलांचा असा दुहेरी वास सुटला की माझं मांजर दाराशी बसून ओरडू लागलं. छत्तीसच्या छत्तीस फोटो आले. लाल दिव्याखाली तबकातल्या कोऱ्या कागदावर क्षितिजाचा चेहरा हळूहळू उमटला. तिच्या दोन्ही गालांवर आईचे हात. मनोजने हे असं कधी बघितलंच नव्हतं. तो तबकावर वाकला आणि म्हणाला, ‘बाबा, परत एकदा करा.’

फोटो सुंदर होता. आणि हळद, अर्थातच, राखेसारखी.

क्षितिजा माहेरी आली तेव्हा केसरीनाथ फोटो घेऊन निघाला. मला म्हणाला, ‘बाई, तुमी चला. तुमचेसमोर ती मारनार न्हाय.’ मी गेले. हा तमाशा मी चुकवणार होते थोडीच!

चंद्राने ओटीवर बसून पाकीट उघडलं. आधी क्षितिजाचाच फोटो. तिने पाहिला, उजेडाकडे वळवून पाहिला, आणि दोन वर्षं कोंडलेला आवाज एकदम सुटला.

‘दादूस! माजे पोरीला राख फासलीस?’

‘बोललीस बरी माजेशी,’ केसरीनाथ म्हणाला, आणि वेड्यासारखा हसायला लागला. ‘क्षिती, वाटीन हलद कालवून आन.’

क्षितिजाने वाटी आणली. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढून शेजारी ठेवली, चंद्राचा जुना फोटो त्याच्या बाजूला ठेवला. एवढा मोठा आवाज, पण ऐन वेळी बसला. शेवटी जुन्या फोटोतल्या कानाच्या पाळीवरच्या त्या ओघळावर त्याने आपलं बोट ठेवलं. बोट बरोबर बसलं.

‘तवा पन अशीच राख आली व्हती,’ तो म्हणाला. ‘रोलला कायच अक्कल नव्हती, चंद्रे. मी लावली.’

चंद्रा फोटोकडे बघत राहिली. अंगणातली कोंबडी ओटीवर चढली तरी तिने हाकलली नाही.

‘म्हंजे माजे हलदीला तुजा हात लागला व्हता.’

‘पंदरा दिस उशिरान.’

‘आनि मी एकोनतीस वरसं गावभर सांगतंय, भावान न्हाय लावली!’ ती म्हणाली, आणि रडली. चांगली भरभरून रडली, आणि मध्येच हसलीही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने निपटलं.

‘आता तू लाव,’ केसरीनाथ म्हणाला. ‘यो रंग कोनी धुनार न्हाय.’

चंद्राने पदर खोचला. वाटीत बोट बुडवलं आणि लेकीच्या फोटोतल्या गालावर ठेवलं. राख गेली, पोरगी उजळली. दुसरा गाल. मग डबीतला चुना नखावर घेऊन वाटीच्या काठावर हळदीत घोळला, आणि तो लाल झाल्यावर स्वतःच दचकली. कपाळावर टिकली टेकवली. सगळा रंग रेषेबाहेर गेला. गालाचा मानेवर, कपाळाचा केसांत. पस्तीस वर्षं मी पोरांना बजावलं होतं, रंग रेषेच्या बाहेर जाता कामा नये. त्या दिवशी माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

‘यंदा राखी पोस्टान न्हाय पाटवनार,’ चंद्रा बोट पदराला पुसत म्हणाली. ‘त्यो पोस्टमन लय उशीर करतंय. मीच येन.’

मी केसरीनाथकडे वळून पाहिलं तर छाती फुगलेली, चेहरा वांग्याच्या रंगाचा. पहिलं बोट फोटोवर टेकलं तेव्हापासून त्याने श्वास धरून ठेवला होता.

‘अरे, सोड आता,’ मी म्हटलं.